चढावर जीप पुन्हा पुन्हा बंद पडते आणि गळती कुठेच दिसत नाही

गाडी सकाळी सुरू व्हायला दहा-बारा सेकंद सेल्फ मागते. सपाटीला नीट चालते. चढ लागला की गचके खाते, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखीच मरगळते आणि बंद पडते. बॉनेट उघडून डिझेलचा हातपंप मारला, लाइनमधली एअर काढली की गाडी पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या रविवारी, तशाच चढावर, परत तेच.

तुमच्या जुन्या डिझेल जीपची हीच कहाणी असेल तर गाडी बहुतेक डिझेलच्या लाइनमध्ये कुठून तरी हवा घेतेय. माझी जवळपास एक पावसाळा घेत होती. त्या काळात मी दोन डिझेल फिल्टर, एक फीड पंप (टाकीतून डिझेल खेचणारा) आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) सर्व्हिसिंगचं बिल भरलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या अंगणात गाडी सपाट जमिनीवर उभी असायची आणि तिथे ती बंद पडतच नव्हती.

खाली लिहिलंय ते साध्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाच्या जीपबद्दल, म्हणजे ज्यांच्या पंपावर आणि नोझलवर पाना चालवता येतो त्या गाड्यांबद्दल. कॉमन रेल गाडी (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) असेल तर वेगळा इशारा पुढे दिलाय, तो आधी वाचा.

फट कोरडी का असते

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. पंप डिझेल खेचतो, म्हणजे त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तिथे बारीक फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून आपण टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतो, सगळे सांधे पुसून बघतो आणि सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. गळती शोधायची सवय आपल्या डोळ्यांना असते, आणि इथे दोष असा आहे की तो गळतच नाही.

चढावरच का? दोन कारणं. एक, चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, पंप जोरात ओढतो, फटीतून हवाही जास्त येते. दुसरं, नाक वर झालं की इंजिन टाकीच्या आणखी वर जातं, त्यामुळे तेच डिझेल पंपाला जास्त उंचीवर उचलावं लागतं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने मोठी टाकी मागे बसवली होती आणि मूळ लोखंडी पाइपाला रबरी पाइपाचा जोड दिला होता. हे मला माहीत होतं. त्या जोडाकडे बोट दाखवायला मात्र चार महिने लागले, ते पुढे येईलच.

सकाळची अडचणही ह्याच घरची. रात्रभरात फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल सावकाश टाकीत परत उतरतं. सकाळी पंप रिकामा पाइप ओढत बसतो.

आधी फुकटची कारणं निकालात काढा

पाना हातात घेण्याआधी टाकीत डिझेल किती आहे ते बघा. हसू नका. पाव टाकीवर, तीव्र चढावर, डिझेल टाकीच्या एका टोकाला जमा होतं आणि आतली नळी उघडी पडते. काटा अर्ध्यावर असला तरी जुन्या काट्यावर विश्वास नको, काठी बुडवून बघा. माझा नियम असा की डांबर सोडायच्या आधी टाकी अर्ध्याच्या वर हवी.

मग टाकीचं झाकण उघडा. उघडताना फुस्सकन हवा आत गेल्याचा आवाज आला तर टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवा आत घेणारी नळी, बंद आहे. टाकीत पोकळी तयार होते, पंप थकतो. खूण अशी की झाकण एकदा उघडून लावलं की गाडी वीस-पंचवीस मिनिटं मजेत चालते आणि मग परत मान टाकते. चिखल हे नेहमीचं कारण, पण एका मित्राच्या गाडीच्या ब्रीदर नळीत कुंभारमाशीने घर केलेलं निघालं. नळीत बारीक तार घालून माती काढली, विषय संपला. तार नसेल तर झाकण सैल ठेवा, वर फडकं बांधा, पाण्यातून मात्र अशी गाडी घालू नका.

तिसरं, फिल्टरखालच्या स्क्रूतून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं बाटली हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. ओढा ओलांडून आल्यावर गाडी त्रास देत असेल तर हे सगळ्यात आधी करा. बाटलीतलं डिझेल तिथेच ओढ्याकाठी ओतू नका, घरी न्या.

आणि गाडी गचके न खाता, दिवा विझावा तशी एकदम बंद पडत असेल तर हवेचा नाद सोडा. रोटरी पंपावर (नोझलना डिझेल देणाऱ्या मुख्य पंपाचा एक प्रकार) डिझेल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असतो. चावी ऑन केली की पंपाजवळ हलका 'टक' आवाज यायला हवा. नाही आला तर बहुतेक त्याची वायर सुटलीय किंवा घासून तुटलीय. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट सोलेनॉइडच्या टोकाला जोडली की गाडी घरी येते. बंद करायची तेव्हा ती वायर काढायची. वायर पंख्यात आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर जाणार नाही एवढी बांधा.

एअर काढायची रीत

हे सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा. हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग फुगे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळायचा तो हातपंप दाबलेला असतानाच, सोडल्यावर नाही. मग मुख्य पंपावरच्या स्क्रूशी हेच. एवढ्याने सुरू नाही झाली तर दोन नोझलचे नट, बहुतेक ठिकाणी १७ चा पाना लागतो, एकेक आटा सैल करा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. डिझेल उडायला लागलं की आवळा.

सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा. डोंगरात बॅटरी गेली तर एका दुखण्याची दोन होतात. रोटरी पंपाचं आतलं वंगण म्हणजे डिझेलच असतं, तो कोरडा फिरवत ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने पंप खाणं. हातपंप मारूनही ढिला लागत असेल, दाबच येत नसेल, तर काही पंपांत आतला कॅम चुकीच्या जागी थांबलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, मग मारा. फीड पंपावर आट्याची मुठ असेल तर काम झाल्यावर ती खाली बसवून फिरवून आवळा. उघडी राहिली तर तिथूनच हवा शिरते, आणि आपण आपल्याच हाताने नवी फट करून ठेवतो.

नोझलमधून उडणाऱ्या डिझेलसमोर बोट धरू नका. तो दाब कातडीतून डिझेल आत घालतो. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पण थेट ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं. कॉमन रेल गाडीत तर रेलचा दाब १००० बारच्या वर जाऊ शकतो, तिथे नोझल किंवा रेलचे नट सैल करायचेच नाहीत. त्या गाड्यांत आपल्याला हात लावता येतो तो फक्त टाकी ते फिल्टर ह्या बाजूला. त्यापुढे जुगाड संपतो आणि टोचन करून ओढून नेणारी गाडी बोलवायची.

फट ओली करा

एअर काढणं हा उपचार नाही, ती सलाईन आहे. रोग शोधायचा तर ज्या लाइनमध्ये ओढ असते तिथे दाब द्यायचा. मग जी फट हवा आत घेत होती तीच डिझेल बाहेर थेंबायला लागते, आणि कोरडी जागा ओली होते.

त्यासाठी ५ लिटरचा कॅन, दोन मीटर डिझेलला चालणारा रबरी पाइप आणि दोन क्लिपा एवढंच लागतं. टाकीकडून येणारा पाइप टाकीजवळ सोडा, तिथे कॅनचा पाइप जोडा आणि कॅन गाडीच्या वर, रोल केजला किंवा कॅरियरला बांधा. पाइपात डिझेल उतरवायला तोंडाने ओढू नका. एक घोट फुप्फुसात गेला तर हॉस्पिटल. अख्खा पाइप कॅनमध्ये बुडवून भरायचा, टोकाला अंगठा धरून बाहेर काढायचा. एक मीटर उंचीने जेमतेम ०.०८ बार दाब मिळतो, पण लाइनमधली ओढही काही मोठी नसते, तेवढा पुरतो. सगळे सांधे फडक्याने कोरडे करा, प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा आणि चहा प्यायला जा. अर्ध्या तासाने ज्या कागदावर डाग तो चोर.

इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर उलट करा. कॅनचा पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा, जुनी लाइन वगळा. गाडी आता ठणठणीत चालली, तर दोष टाकी ते फीड पंप ह्या पट्ट्यात. तरीही गचके, तर फीड पंपाच्या पुढे बघा. एका प्रयोगाने अर्धी गाडी निर्दोष सुटते. मी फिल्टर बदलण्याआधी हे केलं असतं तर तेवढ्या पैशात दोन टायर आले असते.

हाच कॅन घरी परतायचं वाहनही आहे. फट सापडत नसेल, अंधार पडत असेल, तर कॅन वर बांधा आणि तसेच चालू पडा. फक्त रिटर्न पाइपही कॅनमध्येच सोडा. नाहीतर पंपातून परत येणारं डिझेल मूळ टाकीत जातं आणि पाच लिटरचा कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन मॅनिफोल्डच्या वर कधीच नको. पेट्रोल गाडीत हा प्रकार अजिबात नको, कितीही अडलात तरी.

बुडबुडे डोळ्याने बघायचे असतील तर गवंड्याच्या लेव्हलच्या नळीचा वीतभर तुकडा लाइनमध्ये घाला. सलाईनची नळी घेऊ नका, तिचं भोक बारीक, गाडी डिझेलला उपाशी राहते आणि नवाच दोष दिसायला लागतो. तुकडा आधी फीड पंपाच्या तोंडाशी घाला. बुडबुडे दिसले तर मागे मागे, टाकीकडे सरका. ज्या जागी तुकडा घातल्यावर बुडबुडे थांबले, फट तिथून पंपाकडच्या, त्याआधी तपासलेल्या जागेपर्यंतच्या पट्ट्यात.

माझ्या गाडीत दोन चोर होते

पहिला सापडला तो पुणे जिल्ह्यात वेल्ह्याहून केळदकडे जाताना, भट्टी खिंडीच्या अलीकडे. जुलैचा पाऊस, मोबाइलला रेंज नाही. सांध्यांना एकेक करून ग्रीस लिंपत होतो. ही सोपी चाचणी आहे, चालू इंजिनात ज्या सांध्यावर ग्रीस बसल्यावर गचके कमी होतात तो संशयित. फीड पंपाच्या आधी असलेल्या फिल्टरच्या, डिझेल आत येणाऱ्या बाजूच्या बॅन्जो बोल्टला (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) ग्रीस लागलं आणि इंजिनचा सूर बसला. बोल्ट खोलला तर तांब्याचे दोन्ही वायसर चपटे, कडक, आणि एकावर नखात अडकेल असा चर. नवे वायसर डब्यात नव्हते.

तांबं वारंवार आवळून कडक होतं आणि मग सांध्यावर बसत नाही. लाल तापवलं की परत मऊ पडतं. रस्त्याकडेच्या घरातल्या आजींना विचारलं, चुलीत हे टाकू का? त्या म्हणाल्या, "टाक की बाबा, पण माझी सांडशी जाळू नको." वायसर तारेत ओवले, निखाऱ्यात ठेवले, आजींनीच फुंकणी घेतली. तांबं आधी निळसर, मग जांभळं, मग काळपट झालं आणि निखाऱ्यासारखंच मंद लाल दिसायला लागलं. तार उचलून तांब्यातल्या पाण्यात सोडली, चुर्र. काळी पापडी सुटून पाण्यात तरंगली. (पाण्यात विझवल्याने तांबं कडक होत नाही, ते लोखंडाचं झालं. हवेत गार केलं तरी चालतं.) मग उंबऱ्याच्या गुळगुळीत दगडावर पाणी टाकून दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासल्या, चर गेला, वायसर बोटाने वाकेल इतका मऊ झाला. बोल्ट आवळला, एअर काढली, खिंड एका दमात चढलो. सांडशी सुखरूप परत दिली.

अल्युमिनियमचे वायसर मात्र चुलीत टाकू नका, वितळतात. पांढरट आणि हलका दिसला की तो अल्युमिनियम. आणि सांधा बसत नाही म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पुढे पंपात नाही तर नोझलमध्ये जातात.

रोटरी पंप असेल तर आणखी एक जपा. आत जाणारा आणि परत जाणारा, हे दोन बोल्ट बाहेरून सारखे दिसतात, पण परतीच्या बोल्टमध्ये अगदी बारीक भोक असतं आणि पंपातला दाब त्याच्यावर टिकतो. पावसात, घाईत, दोघांची अदलाबदल झाली की गाडी कधी चालते, कधी नाही, आणि आपण परत हवा शोधत बसतो. खोलताना एकाला दोरा बांधा.

महिनाभर गाडी उत्तम चालली आणि मग पाबे घाटात परत बंद पडली. तेव्हा चिडून घरी आल्यावर कॅनचा प्रयोग केला. अर्ध्या तासात मागच्या रबरी जोडाखालच्या कागदावर रुपयाएवढा डाग. क्लिप काढली, पाइप वाकवला. क्लिपेच्या बरोबर खाली, वरून कधीच दिसली नसती अशी, अर्धा इंच चीर. पाइप डिझेलचा नव्हताच, साधा पाण्याचा रबरी पाइप होता, आतून फुगून मऊ आणि बाहेरून वाळून कडक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

रस्त्यात चीर सापडली तर

पाइप दोन इंच जास्त लांब असेल तर चिरलेलं टोक कापून टाका, नवं टोक चढवा. ह्याहून चांगला जुगाड नाही, आणि लोक हा सोडून सगळं करतात. लांबी नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवत, चिरेच्या दोन्ही बाजूंना तीन बोटं पुढे जाईपर्यंत गुंडाळा आणि वर बाइंडिंग तार. ट्यूबचं रबर डिझेलमध्ये फुगतं, म्हणून हे फार तर घरी पोहोचेपर्यंत. तार पिळताना पाइप कापला जाणार नाही एवढं भान ठेवा, पक्कड हातात आली की माणूस वाहवत जातो.

लोखंडी पाइपाला दगड लागून बारीक भोक पडलं असेल तर धुण्याच्या साबणाची वडी कोरडीच घासून भोकात भरा, वर कापड, वर ट्यूबची पट्टी. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. टाकीच्या भोकावर तो माझ्या एका मित्राने आठवडाभर चालवला, लाइनवर मात्र हादऱ्यांनी लवकर सुटतो. एम-सील लावायचं तर जागा आधी पूर्ण कोरडी आणि खरवडलेली हवी, आणि पावसात ते नीट धरायला तासभर लागतो. ओल्या डिझेलवर ते नुसतं सरकतं.

नोझलवरच्या परतीच्या बारीक, कापडी वेष्टनाच्या रबरी नळ्याही बघा. त्या वाळून टोकाशी फाटतात. गाडी चालू असताना तिथून डिझेल पाझरतं आणि बंद झाल्यावर हवा आत शिरते. चढावर त्रास नाही, फक्त सकाळी आहे, तर पहिला संशय ह्याच नळ्यांवर घ्या. शेवटच्या नोझलच्या टोकाची टोपी पडलेली असेल तर तेवढ्यापुरता योग्य जाडीचा स्क्रू नळीच्या तुकड्यात घालून, तो तुकडा टोकावर चढवला तरी भागतं.

माझ्या जीपमध्ये आता रबरी जोड काढून टाकीपर्यंत अखंड पाइप टाकलाय. सोबतीला तीन गोष्टी सीटखाली असतात: दोन मीटर डिझेलचा पाइप, क्लिपा आणि फिल्मच्या जुन्या डबीत सगळ्या मापांचे तांब्याचे वायसर. चुलीत भाजलेला तो वायसर अजून फिल्टरवरच आहे. मिस्त्री दर सर्व्हिसिंगला बदलू का विचारतो, मी नको म्हणतो.